तीन नंबरची मोटर

"पण तुम्ही मोटर उघडलीच नाही," पोळ साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

मी लॅपटॉपचा पडदा तिसऱ्यांदा त्यांच्याकडे वळवला. पंपघरात माणसाएवढ्या उंच तीन मोटरी घुमत होत्या, त्यामुळे साधं बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. आणि ओरडून समजावताना माझा आवाज भांडल्यासारखा लागतो, हे मला घरीही ऐकवलं जातं.

"उघडायची नाही म्हणून तर मला बोलावलंत ना?"

"ते खरं हो. पण न उघडता आतलं कसं सांगता?"

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात आम्हा दोघी मैत्रिणींची दोन खोल्यांची कंपनी होती आणि तिचं काम एकच, मोठ्या मोटरींमधले लपलेले दोष मोटर न खोलता शोधायचे. कोंढेगाव उपसा सिंचन संस्थेची तीन नंबरची मोटर दोन महिने कुरकुरत होती. करंट दाखवणाऱ्या अँपमीटरचा काटा एका जागी राहण्याऐवजी सारखा डुलायचा. मोटर खोलायची म्हणजे क्रेन आणा, ट्रक आणा, कोल्हापूरच्या वर्कशॉपला पाठवा, आणि तोवर माळावरच्या गावांचं पाणी कमी करा. म्हणून आधी खात्री हवी होती. ती मागणारे संस्थेचे इंजिनियर पोळ साहेबच होते, आणि मी देत होते तर घेत नव्हतेही तेच.

"हे बघा," मी म्हटलं, "मोटरला जाणाऱ्या वायरीला मी हा चिमटा लावलाय. मोटर किती करंट ओढते ते तो ऐकतो. मोटरीच्या आत जो गोल भाग फिरतो त्यात तांब्याचे गज असतात. ते धड असतील तर करंट एकसारखा. गज तुटले की फिरता फिरता मोटर किंचित अडखळते, आणि ते अडखळणं इथं उमटतं. हा मधला उंच सुळका दिसतोय? त्याच्या दोन्ही अंगांना हे दोन बुटके सुळके. एक नंबर आणि दोन नंबरच्या मोटरीत ते जवळजवळ नाहीत. इथं आहेत. आत गज तुटलेत. एक नाही, चार-पाच तरी."

पोळ साहेबांनी मोटरीच्या अंगावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मला तर काही वाटत नाही."

बाजूला ऑपरेटर बिरदेव वाघमोडे उभे होते. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर कायम एक पिवळं फडकं. त्यांनी आल्यापासून त्या मोटरीवरची धूळ इतक्यांदा पुसली होती की माझाच चिमटा मला घाणेरडा वाटायला लागला होता. सगळे त्यांना बिरूदादा म्हणत.

"बिरू, वॉल घे जरा," पोळ साहेबांनी हुकूम सोडला. मी नको म्हणेपर्यंत बिरूदादांनी पंपाचा वॉल्व जवळजवळ मिटवला. पाणी थांबलं, मोटर हलकी झाली, आणि पडद्यावरचे दोन्ही बुटके सुळके आत सरकत सरकत मधल्या सुळक्याच्या पोटात गडप झाले.

"गेलं की," पोळ साहेब म्हणाले. "नुसता वॉल फिरवला तर दोष गेला. असला कसला दोष?"

मी कपाळाला हात लावला. मोटरीवर ओझं नसलं की हा दोष दिसत नाही, ओझं आलं की दिसतो, हे मी सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. पुन्हा वॉल्व उघडायला लावला, पुन्हा सुळके दाखवले. दुपारपर्यंत माझा घसा बसला आणि पोळ साहेब "बरं, तुम्ही म्हणता तर" इथवर आले.

मला स्वतःला वेगळीच गोष्ट टोचत होती. तिन्ही मोटरी एकाच कारखान्याच्या, एकदमच आलेल्या, बसवून दीड वर्ष झालेलं. पाणी तेच, वीज तीच, चालवणारी माणसंही तीच. मग गज फक्त हिचेच का तुटावेत?

"एरवी हे कशानं होतं?" जेवताना पोळ साहेबांनी विचारलं.

"चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गज तापतात. ते थंड व्हायच्या आत बंद करून पुन्हा चालू केली, पुन्हा बंद, पुन्हा चालू, की गजांना तडे जातात. मग ते हळूहळू तुटत राहतात."

पोळ साहेब एकदम टवटवीत झाले. "हे रिपोर्टात लिहा बरं का. नीट, स्पष्ट लिहा."

अखेर एक गोष्ट तरी या माणसाला पटली, या आनंदात मी ती ठळक अक्षरात लिहिली.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. कोल्हापूरला मोटर उघडली, आत पाच गज तुटलेले निघाले, आणखी काहींना तडे. मी मैत्रिणीला हाक मारून सांगितलं, दोघींनी चहा मागवला. बाहेरून सांगितलेलं आत तसंच्या तसं सापडणं याच्यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही.

"तुमच्या रिपोर्टाचा फार उपयोग झाला, मॅडम," पोळ साहेब पुढे म्हणाले. "वाघमोडेला घरी बसवलाय. शनिवारी चौकशी आहे, चेअरमन काकांसमोर. तुम्ही या आणि जे लिहिलंय तेवढं तोंडी सांगा."

"वाघमोडेंना कशासाठी?"

"मोटर चालू-बंद कोण करतं? ऑपरेटरच की."

फोन ठेवला तेव्हा चहा आला होता. मला तो जाईना. मी दोष शोधला होता, दोषी नव्हता शोधला. पण कागदावर दोन्ही शब्द शेजारी शेजारीच दिसतात.

मी शुक्रवारीच कोंढेगावला गेले आणि बिरूदादांचं घर विचारत वस्तीवर पोचले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून उठले, पण या म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोनं, हिराकाकूंनी, आत बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"तुमच्या त्या डब्यानं मला खोटा ठरिवला," बिरूदादा म्हणाले.

"दादा, डबा तुमच्याबद्दल काहीच बोलला नाही. मोटर तापलेली असताना ती पुन्हा पुन्हा चालू झाली, एवढंच तो म्हणतो. तुम्ही केली होती का?"

"म्या? कामावर हाय तवापासनं एकदा बंद झाली की अर्धा तास हात लावत न्हाई. कंपनीचा माणूस सांगून गेलाय तसंच."

"लाइट जाऊन-येऊन?"

"लाइट आली तरी थांबतो. माणसं वरनं शिव्या घालत्यात, तरी थांबतो."

"रात्रपाळीचा कुणी?"

"त्यो माजा चुलतभाऊच हाय. माज्यापरास भित्रा."

मी प्रश्न विचारत राहिले आणि ते नाही म्हणत राहिले. त्यांचा मला राग यायला लागला. ज्या माणसाची नोकरी वाचवायला मी एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत आले, त्याला एक आडवंतिडवं कारणसुद्धा आठवू नये? हिराकाकूंनी चहा दिला. मी कप घेतला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

तिथं एक मोठा फोटो होता, देवाच्या तसबिरीला घालावा तसा चंदनाचा हार घातलेला. नवा सदरा, गुलाबी फेटा घातलेले बिरूदादा तीन नंबरच्या मोटरीजवळ, बोट हिरव्या बटणावर. मागच्या उघड्या दारातून बाहेरच्या हौदात पडणारी पाण्याची जाड धार दिसत होती. असेच फोटो मी संस्थेच्या कचेरीत पाहिले होते, वाट बघत बसले होते तेव्हा. तिथं फेट्याखाली दुसरी माणसं होती.

"उद्घाटनाचा का हो?"

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "व्हय. काका म्हणले, बिरू, तू बी दाब. पायाच्या खड्ड्यापासनं हाईस तू. सगळ्यात शेवटी मला दाबाया दिलं."

"सगळ्यात शेवटी म्हणजे?"

"म्हंजी सगळ्यांनी दाबल्यावर. काका, मग आमदार, सभापती, कारखान्याचं चेअरमन, बँकेचं सायेब, आनी दोघं कोन ते. एकाला मान दिला आनी दुसऱ्याला न्हाई दिला तर कसं दिसंल? लग्नात बी आपन सगळ्या पावण्यांना फेटा बांदतोच की."

मी कप खाली ठेवला. "पण दादा, पहिल्यानं दाबल्यावर मोटर चालू झाली ना? मग बाकीच्यांनी दाबलं ते चालू मोटरीचंच ना?"

"न्हाई," ते मला समजावून सांगू लागले, अगदी मायेनं. "चालू मोटरीचं दाबून धार कशी येनार? पावण्यानं दाबलं की मागं धार पडली पायजे, तवाच फोटूग्राफर फोटू काढनार. म्हनून दर टायमाला बंद करायची, धार थांबली की दुसऱ्या पावण्यानं दाबायचं."

"आणि तीन नंबरच का?"

"तीच दारासमोर हाय. उजेड चांगला."

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. पडद्यावरच्या दोन सुळक्यांमागे मी काय काय कल्पना केल्या होत्या. धातूत खोट, बसवताना चूक, विजेचे धक्के. आणि इथं मानपान निघाला होता.

"पण एवढ्यांदा ती चालू कशी झाली? तापल्यावर तिनं स्वतःच थांबायला हवं. तशी रिले असते पॅनेलमध्ये."

"थांबली की. तिसऱ्या पावण्याला चालूच व्हईना. काका लई तापलं. मग पोळ सायबांनी प्यानल उगडून कायतरी तार जोडली."

म्हणजे मोटर वाचवणारी रिलेच त्यांनी बाजूला सारली होती. आता पोळ साहेबांची जेवतानाची टवटवी मला कळली. माझा संताप संताप झाला, त्यांच्यावर आणि त्यांच्या आग्रहावरून ठळक अक्षरं काढणाऱ्या माझ्यावरही.

"दादा, उद्या हेच चौकशीत सांगा. एवढंच."

ते मान हलवून नाही म्हणाले.

"का?"

"घरी आल्याला पावण्याचं नाव घ्यायचं? तुमच्यामुळं मोटर गेली म्हनायचं? आनी..." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मॅडम, एक इचारू? कुनाच्या दाबन्यानं गज तुटलं, ते तुमचं मशीन सांगतं का?"

"नाही. ते नाही सांगत."

"शेवटचा हात माजा हुता," बिरूदादा म्हणाले. "त्या टायमाला ती लई येगळा आवाज करून उचलली. म्या कुनाला बोललो न्हाई. मला फोटू पायजे हुता."

हिराकाकू चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो धुरानं नव्हता. त्यांचा मुलगा बारावीला होता, आणि घरात येणारा पगार हा एकच होता.

मी परोपरीनं सांगितलं. शेवटचा, पहिला असं काही नसतं, तापत गेली ती सगळ्यांनी मिळून. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. या माणसानं अपराध असा पोटाशी धरून ठेवला होता की तो सोडवून घेणं मला जमेना. मी चिडून उठले. चपला घालताना हिराकाकू हळूच म्हणाल्या, "तुमी बोला, बाई. त्ये न्हाई बोलायचं."

शनिवारी कचेरीत चेअरमन काका खुर्चीत बसले होते. भगवानराव इंगवले, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, आवाज खालचा. खालच्या आवाजाची माणसं मला जास्त जड जातात. त्यांच्या डाव्या हाताला पोळ साहेब, समोर मी, आणि दारापाशी, बसायला सांगूनही उभे राहिलेले बिरूदादा.

"बोला, टिळेकर बाई," काका म्हणाले. "मोटर कशानं गेली?"

"तापलेली असताना पुन्हा पुन्हा चालू केल्यानं."

"झालं तर मग," पोळ साहेब म्हणाले.

"नाही झालं. काका, जरा मागं वळून भिंतीकडे बघा."

ते वळले नाहीत. त्यांना ते फोटो पाठ असणार. ओळीनं लावलेले, प्रत्येकात तेच हिरवं बटण, तीच धार, फेटे वेगवेगळे.

"प्रत्येक फोटोसाठी मोटर एकदा बंद आणि एकदा चालू झाली. दोन फोटोंनंतर ती थांबली होती. तिला कळलं होतं. पोळ साहेबांनी तार जोडून तिला पुन्हा चालू व्हायला भाग पाडलं. तडे त्या दिवशी गेले. पुढं दीड वर्षात ते तुटले."

पोळ साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. काकांनी बिरूदादांकडे पाहिलं. "व्हय रे बिरू?"

बिरूदादा जमिनीकडे बघत राहिले. हो नाही आणि नाहीही नाही. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"टिळेकर बाई," काका तितक्याच खालच्या आवाजात म्हणाले, "आठ जणांनी बटण दाबलं. मान्य. बिरूनंही दाबलं, शेवटचं. आता त्या आठांतल्या कुणाच्या दाबण्यानं मोटर गेली, हे सांगतं का तुमचं मशीन?"

दारापाशी बिरूदादांनी मान वर केली. आदल्या दिवशी तोच प्रश्न एका माणसानं भीतीनं विचारला होता. आज तो दुसऱ्या माणसानं मला अडवायला विचारला, आणि मला एकदम मोकळं वाटलं.

"नाही सांगत," मी म्हटलं. "म्हणून घरी बसवायचं तर आठही जणांना बसवावं लागेल. सुरुवात डावीकडच्या फोटोपासून करू. तो तुमचाच आहे."

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. मी पुण्याला जायची एसटी किती वाजता आहे ते आठवायला लागले, कारण आता मला कुणी जेवा म्हणणार नव्हतं.

"बिरू," शेवटी ते म्हणाले, "सोमवारपासनं कामावर ये. पोळ, ती तार काय प्रकरण आहे, ते आपण नंतर बसून बोलू." मग माझ्याकडे वळले. "रिपोर्टात आता उद्घाटनाचं काही घालू नका म्हंजे झालं."

"घालणार. पूर्ण कारण लिहिणार."

"घाला. वाचतंय कोण."

चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. बिरूदादांची माफी मागावी असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. परतीच्या एसटीत मी जिंकलेली असूनही दात खात बसले होते.

मोटर दुरुस्त होऊन आली तेव्हा ती ठीक बसलीय का हे तपासायला मला बोलावलं. मी पंपघराच्या वळणावर पोचले आणि जागीच थांबले. मांडव. दाराला झेंडूच्या माळा. हौदाशेजारी फोटोग्राफर, आणि फेट्यांचा ढीग घेऊन बसलेला एक माणूस. तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, चिडू नका," काका पुढे आले. "या खेपेला एकदाच. शब्द देतो."

आणि एकदाच झालं, हे मी कबूल करते. पाहुण्यांनी नारळ वाढवला, बटण दाबलं, मोटर उचलली, हौदात धार पडली, टाळ्या झाल्या. मी पॅनेलजवळ चिमटा लावून बसले. पडद्यावर एकच स्वच्छ सुळका उभा होता. दीड महिन्यात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. सभापती उशिरा पोचले होते, तोंड पाडून. त्यांना फेटा बांधला गेला. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि आत वळून, घरातल्यासारखं सहज म्हणाले, "बिरू, जरा बंद कर रे."

पोळ साहेब छताकडे बघायला लागले. मी उठलेच होते. पण बिरूदादा माझ्या आधी पुढे झाले आणि त्यांनी लाल बटणावर आपला उजवा पंजा सपाट ठेवला. दाबलं नाही, झाकलं.

"काका, पावण्यांचा मान हाय," ते म्हणाले. "हिरवं खुशाल दाबू द्या. फोटू काढा. पर ती बंद व्हनार न्हाई."

"अरे, चालू मोटरीचं बटण दाबून उपयोग काय?"

"उपेग आपल्याला फोटूचाच हाय न्हवं? धार पडतीयाच की मागं."

सभापतींना घाई होती. त्यांनी चालू मोटरीचं हिरवं बटण दाबलं, हसले. फोटोग्राफरनं बिरूदादांना हात बाजूला घ्यायला दोनदा सांगितलं. त्यांनी घेतला नाही, म्हणून तसाच फोटो निघाला.

त्यानंतर मी दर वर्षी तिथं जाते. तीन नंबरच्या मोटरीत अजून काही निघालेलं नाही. बिरूदादा निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या वस्तीवर गेले, तर भिंतीवर जुना फोटो नव्हता. त्या जागी सभापतींचा होता, त्याच चंदनाच्या हारासकट. फेटा घातलेले सभापती, हिरवं बटण, मागे धार, आणि कोपऱ्यात मनगटापर्यंतच आलेला एक सावळा पंजा.

"दादा, पहिला कुठं गेला?" मी विचारलं. "यात तर तुम्ही दिसतच नाही."

"दिसतूय की," बिरूदादा म्हणाले. "त्यो हात माजा हाय."